कडीचा रुपया

नाणं चिंचेनं धुवू नका,
असं कन्ना चौकातल्या माझ्या टपरीवर
खडूनं लिहून ठेवलंय. मराठीत, तेलुगूत, कानडीत.
तरी लोक धुवूनच आणतात,
पाहुण्याकडं नेताना पोराचं तोंड धुवावं तसं.

धंदा काटे दुरुस्तीचा. नाणी हा नाद.
साखर पेठेतले म्हेत्रे मिस्त्री सांगायचे :
आधी ऐक, मग तोल, मग बघ.
भाव सगळ्यात शेवटी,
आणि तोही घोटभर पाणी पिऊन.
झिजलेल्या शिवराईवरनं
डोळे मिटून बोट फिरवायला लावायचे.
'छत्र' लागतं बोटाला.
'पति' बहुतेक वेळा कडेबाहेर गेलेलं असतं.

नरसूबाई येमूल आल्या गड्ड्याच्या आदल्या आठवड्यात.
तंबाखूच्या डब्यात तीन नाणी,
बोटांना विडीच्या पानाचा वास,
आणि फोनमध्ये एक व्हिडिओ :
असल्या नाण्याला म्हणे पंचवीस लाख.
"खरं का ओ?"
त्या माणसाला पैसे घेऊन पाठवा, म्हटलं,
मी त्याला टोपलीभर देतो.
त्या हसल्या नाहीत.
नातीची नर्सिंगची फी भरायची होती.

पहिला भोकाचा पैसा.
लढाईत तांबं वाचवायला सरकारनं भोक पाडलं,
लोकांनी तोच वायसर म्हणून ठोकला.
दुसरा निजामाचा, चारमिनारवाला,
आजेसासऱ्याच्या मागासोबत
सामानात चुकून आलेला असणार.
तिसऱ्याला कडी.

चांदीचा रुपया, डोक्यावर डाग देऊन कडी बसवलेली.
फरशीवर टाकला. बद्द.
काट्यावर ठेवला :
झीज वजा, कडी अधिक,
पुन्हा तोळाच भरला.
भिंग लावलं.
गळ्याच्या घामानं राजाचं नाक खाल्लेलं,
उरलंसुरलं चिंचेनं.
पालथा केला.
१९११.

माझा हात थांबला. त्यांनी बघितलं की नाही, कोण जाणे.
त्या साली राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती
कोरताना सोंडेत आखूड पडला.
लोक म्हणाले, हे तर डुक्कर!
बोभाटा झाला,
न वाटलेले रुपये परत भट्टीत गेले.
माझ्या अल्बमात त्या सालाचा खण
तेहतीस वर्षं रिकामा.

चांदीच्या भावानं घेतो,
एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.
पाणी प्यालो.
मग सगळं सांगितलं. हत्तीचं, डुकराचं,
कडी नसती तर वीस-पंचवीस हजार विड्यांची मजुरी,
आता त्यातली पाव धरा.
कडीनं घात केला बघा.

नरसूबाईंनी रुपया उचलून पदराला पुसला.
"कडी नसती तर ऱ्हायला असता का ओ?
मिल बंद पडली त्या साली
घागरी गेल्या, माग गेला भंगारात.
ह्यो सासूच्या गळ्यात होता.
गळ्याला कोण हात लावतंय?"

हे वजन माझ्या पेटीत नव्हतं.

निजामाचा माझ्याकडं ठेवून गेल्या, त्याचे साठ दिले.
भोकाचा नातीला पाहिजे म्हणाल्या, किल्लीला अडकवायला.
फीचं काय केलं, ते मी विचारलं नाही.
विचारायला पाहिजे होतं.

रात्री अल्बम काढला.
१९११ च्या खणात पेन्सिलीनं लिहून
चिठ्ठी सरकवली :
विडी घरकुल, क गट, पाण्याच्या टाकीमागं.
वाजत नाही. आहे.